रक्ताची साक्ष

शरीरांत काय बिघडलें आहे हें रक्तासच विचारावें, ही कल्पना आजकालची नव्हे. सूक्ष्मदर्शक यंत्र दवाखान्यांत येण्याच्या कित्येक शतकें आधीं वैद्य रोग्याचें रक्त काढीत आणि तें भांड्यांत ठेवून त्याचें निरीक्षण करीत. सुश्रुतसंहितेंत रक्तमोक्षणाचा व जळवा लावण्याचा विधि सांगितलेला आहे. युरोपांत तर शीर उघडून रक्त काढणें हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ज्वरावरचा व दाहावरचा नित्याचा उपाय होता. ह्या काढलेल्या रक्तानें दिलेली साक्ष पुष्कळदां खरी असे. चूक होई ती तिचा अर्थ लावणाराची. संधिवातासारख्या वर्षानुवर्षें चालणाऱ्या दाहविकारांत रक्तांत कोणत्या खुणा उमटतात, त्यांवरून काय समजावें आणि काय समजूं नये, ह्या शोधाचा इतिहास अडीचशें वर्षांचा आहे. त्याचीं शेवटचीं पानें मुंबई, पुणें व नाशिक ह्या शहरांपर्यंत येऊन पोंचलीं आहेत.

निरोगी माणसाचें रक्त भांड्यांत काढून ठेवलें तर थोड्याच वेळांत तें एकजीव गोठतें. परंतु फुप्फुसाचा दाह झालेल्या किंवा तीव्र संधिवातानें पीडलेल्या माणसाच्या रक्तावर गोठतेवेळीं फिकट पिवळसर रंगाची जाड साय धरते. जुन्या युरोपीय वैद्यांस ही साय चांगली परिचित होती आणि तिला त्यांनीं दाहाची साय असेंच नांव दिलें होतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनचे विल्यम ह्यूसन व जॉन हंटर ह्यांनीं तिचें निरीक्षण केलें. हंटर ह्यांचा रक्त व दाह ह्या विषयांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ सालीं, प्रसिद्ध झाला. आजारी माणसाच्या रक्तांतील तांबडे कण लवकर तळाशीं बसतात, त्यामुळें रक्त गोठण्यापूर्वींच वरचा थर रंगहीन होतो आणि तोच सायीच्या रूपानें दिसतो, ही गोष्ट त्या काळीं ध्यानांत आली होती. निरीक्षण अचूक होतें. परंतु त्यावरून व्यवहारांत जें अनुमान निघालें तें घातक ठरलें. साय दिसते तोंवर दाह आहे आणि दाह आहे तोंवर आणखी रक्त काढलें पाहिजे, असा तो न्याय होता. वास्तविक रक्त कमी झालें म्हणजे उरलेल्या रक्तांतील तांबडे कण विरळ होतात आणि विरळ झालेले कण अधिकच जलद खालीं बसतात. म्हणजे साय दिसली म्हणून रक्त काढावें आणि रक्त काढल्यानें साय आणखी जाड व्हावी, असें हें दुष्टचक्र होतें. खूण पुसण्याच्या खटपटींत रोगीच क्षीण होत असे.

हें चक्र मोडण्यास एक साधी गोष्ट कारणीभूत झाली. ती म्हणजे मोजणी. पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई ह्यांनीं फुप्फुसदाहाच्या ७७ रोग्यांची टिपणें घेऊन, कोणाचें रक्त कोणत्या दिवशीं काढलें आणि कोण किती दिवसांनीं बरा झाला किंवा दगावला, ह्याचा तक्ता मांडला. १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावरून रक्त काढण्याचा गुण लोक समजत त्याहून फारच थोडा आहे, असें दिसून आलें. मोठमोठ्या वैद्यांचा अनुभव एका बाजूस आणि एका तक्त्यांतील आंकडे दुसऱ्या बाजूस, असा हा सामना होता. पुढील काहीं दशकांत ती प्रथा मागें पडत गेली. तिच्याबरोबर ती सायही विस्मृतींत गेली आणि एक खरी खूण जवळजवळ हरवली.

ती पुनः हातीं आली ती १८९७ सालीं. पोलंडांतील वॉर्सा शहरचे डॉक्टर एदमुंद बिएर्नात्स्की ह्यांनीं रक्त गोठूं न देतां नळींत उभें ठेवलें आणि तांबडे कण किती वेगानें खालीं बसतात तें मोजलें. हा वेग निरनिराळ्या रोग्यांत निरनिराळा असतो आणि रक्तांतील फायब्रिनोजेन नामक प्रथिनाशीं त्याचा संबंध आहे, हें त्यांनीं दाखविलें. परंतु त्यांच्या कामाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९१८ सालीं स्टॉकहोम येथें रॉबिन फोरेउस हे गर्भवती स्त्रियांचें रक्त तपासत असतां त्यांना हाच चमत्कार स्वतंत्रपणें आढळला. गर्भारपणाची परीक्षा सांपडली असें त्यांस प्रथम वाटलें. पण तीच खूण अनेक रोगांतही दिसूं लागली. १९२१ सालीं त्यांनीं आपला मोठा प्रबंध लिहिला आणि जुन्या वैद्यांच्या सायीचा उलगडा केला. त्याच वर्षीं स्वीडनचेच आल्फ वेस्टरग्रेन ह्यांनीं क्षयरोग्यांसाठीं ह्या परीक्षेची रीत बसवून दिली. चार भाग रक्तांत एक भाग सायट्रेटचें द्रावण मिसळावयाचें, तें मिश्रण दोनशें मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक नळींत उभें करावयाचें आणि बरोबर एक तासानें वरचा स्वच्छ थर किती मिलिमीटर झाला तें वाचावयाचें. शंभर वर्षें लोटलीं तरी प्रयोगशाळेच्या कागदावर ई. एस. आर. ह्या तीन अक्षरांखालीं लिहिला जातो तो हाच आंकडा होय.

ह्या परीक्षेमागचें कारण समजण्यास सोपें आहे. तांबड्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असतो, त्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात व रक्तांत तरंगत राहतात. शरीरांत कोठेंही दाह सुरू झाला कीं यकृत फायब्रिनोजेनसारखीं प्रथिनें अधिक प्रमाणांत तयार करतें. हीं प्रथिनें कणांमधील दुरावा कमी करतात आणि कण नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकमेकांवर रचले जातात. सुटें नाणें पाण्यांत डुलत जाईल, चळत सरळ तळ गाठील. तसेंच हें आहे. निरोगी तरुण पुरुषांत हा आंकडा सामान्यतः १५ च्या आंत आणि स्त्रियांत २० च्या आंत असतो; क्षयांत किंवा तीव्र संधिवातांत तो शंभराच्याही पुढें जाऊं शकतो. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. तत्पूर्वीं क्षयावर विश्रांति, पौष्टिक अन्न आणि कोरडी हवा ह्यांवांचून वैद्याच्या हातीं विशेष कांहीं नव्हतें. नाशकाजवळील देवळालीची हवा कोरडी म्हणून मुंबईचीं पुष्कळ कुटुंबें हवापालटासाठीं तेथें येत असत, तो हाच काळ. ज्या काळीं औषध नव्हतें त्या काळीं रोग चढतो आहे कीं उतरतो आहे हें सांगणारी एक स्वस्त नळी हातीं असणें ही लहान गोष्ट नव्हती. मात्र ती नळी दाह आहे एवढेंच सांगते. कोठें आहे आणि कशामुळें आहे हें सांगत नाहीं. वाढतें वय, गर्भारपण आणि पंडुरोग ह्यांनींही आंकडा वाढतो. आणि पंडुरोग आपल्याकडे घरोघर आहे.

ह्याहून चपळ खूण १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें सांपडली. विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस ह्यांस असें आढळलें कीं, न्युमोनियाच्या रोग्याच्या रक्तरसांतील एक पदार्थ न्युमोनियाच्या जंतूंतून काढलेल्या सी नामक अंशाबरोबर सांका धरतो. रोगी बरा झाला कीं हा गुण नाहींसा होतो. हा पदार्थ जंतूविरुद्ध मुद्दाम तयार झालेला असावा असें वाटलें असतें. पण तो इतर रोगांतही दिसूं लागला आणि रोग्याचें यकृतच तो तयार करतें असें पुढें निष्पन्न झालें. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सी. आर. पी., तें हेंच. दाह सुरू झाल्यावर कांहीं तासांतच तें वाढूं लागतें, दोन दिवसांच्या सुमारास शिखर गाठतें आणि तीव्र आजारांत नेहमीच्या हजारपटही होऊं शकतें. अशा रीतीनें दाहाच्या दोन साक्षीदारांची व्यवस्था झाली. एक संथ व एक तरतरीत. परंतु दाहाच्या जागीं प्रत्यक्ष काय चालतें, सांध्यांतील कूर्चा झिजते ती कोणाच्या हातून, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर रसायनशास्त्राच्या बाजूनें आलें. लोखंडी खिळा हवेंत राहिला कीं गंजतो, शेंगदाण्याचें तेल उघडें राहिलें कीं खवट होतें. दोन्हीं ठिकाणीं प्राणवायूचेंच कर्तृत्व असतें. ज्या वायूवर प्राण अवलंबून, तोच पदार्थांस कुजवितो, ही विसंगति स्वयंपाकघरांत रोज दिसते. १९०० सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें मोझेस गोम्बर्ग ह्यांनीं मुक्त मूलक नामक विलक्षण रेणु प्रथम तयार केले. सामान्य रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें राहतात. मुक्त मूलकांत एक इलेक्ट्रॉन एकटा असतो आणि तो जोडीदार मिळविण्यासाठीं शेजारच्या रेणूवर धाड घालतो. असले उच्छृंखल रेणु जिवंत शरीरांत असतील असें पुष्कळ वर्षें कोणास फारसें वाटलें नाहीं. १९५४ सालीं आर्जेंटिनाच्या विदुषी रेबेका गेर्शमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्राणवायूचा अतिरेक आणि क्ष-किरण ह्या दोहोंची विषबाधा मुक्त मूलकांमुळेंच होते असा विचार मांडला. तोही त्या वेळीं फार थोड्यांस पटला.

खरा पुरावा गुरांच्या रक्तांत आधींच येऊन पडला होता. १९३८ सालीं केंब्रिज येथें मान व केलिन ह्यांनीं बैलाच्या रक्तांतून तांबें असलेलें निळसर प्रथिन वेगळें केलें. त्याचें नांव ठेवलें गेलें, त्यांतील तांब्याचें प्रमाणही मोजलें गेलें. पण त्याचें शरीरांतील काम काय, हें कळलें नाहीं. पुढें एकतीस वर्षें तें तसेंच निरुद्योगी गणलें गेलें. १९६९ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठांत जो मॅककॉर्ड हा संशोधक विद्यार्थी व त्याचे गुरु अर्विन फ्रिडोविच ह्यांनीं दाखविलें कीं, सुपरऑक्साइड नामक प्राणवायूच्या मुक्त मूलकास निकामी करणें हेंच त्याचें काम आहे. घराला कुलूप आहे त्या अर्थीं चोराचें भय आहे, हें उघड झालें. शरीरानें इतक्या काळजीनें पहारेकरी ठेवला आहे त्या अर्थीं सुपरऑक्साइड शरीरांत सतत तयार होत असलें पाहिजे.

तें कोण तयार करतें? १९३३ सालींच असें दिसून आलें होतें कीं, पांढऱ्या पेशी जंतु गिळतांना एकाएकीं पुष्कळ प्राणवायु घेतात. हें अधिक काम करण्यासाठीं अधिक श्वास घेण्यासारखें असावें अशी समजूत होती. १९७३ सालीं बॉस्टनचे बर्नार्ड बॅबिअर व सहकारी ह्यांनीं सिद्ध केलें कीं, ह्या प्राणवायूचें सुपरऑक्साइड बनविलें जातें. ज्याला विष म्हणून हिणविलें तें पांढऱ्या पेशींचें शस्त्र ठरलें. हें शस्त्र ज्यांच्याजवळ जन्मतःच नसतें अशा बालकांची हकीकत १९५७ सालीं मिनेसोटांतील डॉक्टरांनीं लिहून ठेवलेली होती. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतु गिळतात पण मारूं शकत नाहींत. त्यामुळें त्वचा, फुप्फुसें, यकृत ह्यांत वारंवार गळवें होतात आणि पूर्वीं अशीं मुलें बहुधा बाळपणींच दगावत. ह्या रोगास क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीझ म्हणतात. मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत १९५७ सालीं रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि पुढें राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ह्या नांवानें वाढलेली जी संस्था आहे, तेथें अशा बालकांचें निदान केलें जातें. पांढऱ्या पेशींस चेतवून त्या प्राणवायूचा हा मारा करतात कीं नाहीं, हें एका रंगद्रव्याच्या पालटावरून पाहतात. येथें प्राणवायूचा ताण अधिक असणें हा रोग नसून तो मुळींच नसणें हा रोग आहे. प्राणवायूचा हा मारा केवळ अनिष्टच होय असें मानणारांनीं हीं बालकें विसरतां कामा नयेत.

जंतु मेल्यावर शस्त्र म्यान व्हावें, अशी शरीराची रचना आहे. दीर्घकालीन दाहांत मात्र तें म्यान होत नाहीं. सांध्यांतील द्रव घट्ट वंगणासारखा असतो व त्यामुळें हाडावर हाड घासत नाहीं. १९७४ सालीं मॅककॉर्ड ह्यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, सुपरऑक्साइड हें वंगण पातळ करतें आणि पूर्वींचें तें निळसर प्रथिन घातल्यास त्याचें रक्षण होतें. मग जनावरांच्या यकृतांतून काढलेलें तेंच प्रथिन औषध म्हणून रोग्यांच्या सांध्यांत टोचून पाहण्यांत आलें. पण सर्वमान्य उपचार असें स्थान त्यास मिळालें नाहीं. १९८५ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फचे हेल्मुट झीस ह्यांनीं ह्या सर्व प्रकारास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे प्राणवायूचा ताण, असें नांव दिलें. मारा करणारे आणि पहारा करणारे ह्यांचा तोल बिघडून माऱ्याचें पारडें जड होणें, असा त्याचा थोडक्यांत अर्थ आहे.

ह्या ताणाचें सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईनें आधींच पाहिलें होतें. हिवतापावरील प्रायमाक्वीन हें औषध बहुतेकांस सोसतें. पण कांहींजणांच्या तांबड्या पेशी त्यामुळें भराभर फुटतात, लघवी काळी होते व कावीळ दिसते. असें कां होतें, हें अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील तुरुंगांत कैद्यांवर प्रयोग करून शोधण्यांत आलें. बंदिवानांच्या संमतीस किती अर्थ असतो, हा प्रश्न त्या प्रयोगांच्या मागें आजही उभा आहे. १९५६ सालीं कारण सांपडलें. तांबडी पेशी प्राणवायूची वाहक असल्यानें तिला गंजण्याचें भय सर्वांत अधिक. ग्लुटाथायोन नांवाचा पदार्थ तिचें रक्षण करतो व तो पदार्थ पुनःपुनः ताजा करण्यास जी-सिक्स-पी-डी हें विकर लागतें. ज्यांच्यांत हें विकर जन्मतः कमी, त्यांच्या पेशी थोड्याशा ताणानेंही कोलमडतात. भारतांत ह्या उणिवेचा पहिला वृत्तांत १९६३ सालीं मुंबईंतून प्रसिद्ध झाला. बक्षी, बाळकृष्णन, उंडेविया व संघवी ह्या संशोधकांनीं मुंबईच्या पारशी समाजांत ती दाखवून दिली. पुढें ती इतर अनेक समाजांतही आढळली. ही उणीव मुख्यतः पुरुषांत प्रकट होते. कपाटांत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलीनही अशा बालकांस अपाय करतें. त्या गोळ्यांच्या वासाच्या दुपट्यांत गुंडाळल्यामुळें तान्हीं मुलें आजारी पडल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. येथें रक्ताची परीक्षा प्रत्यक्ष उपयोगाची आहे. प्रायमाक्वीन देण्यापूर्वीं ती करावी असें म्हणतात तें उगीच नव्हे; परीक्षेचें उत्तर कळलें कीं काय टाळावें हें निश्चित होतें.

दीर्घकालीन दाहाच्या बाबतींत मात्र असें सरळ उत्तर मिळालेलें नाहीं. मुक्त मूलक क्षणभंगुर असल्यानें ते रक्तांत पकडतां येत नाहींत. चोर गेल्यावर मागें राहिलेल्या पाउलखुणा शोधाव्या लागतात. पेशींच्या आवरणांतील स्निग्ध पदार्थ प्राणवायूनें बिघडले कीं मॅलॉनडायाल्डिहाइड नामक पदार्थ उरतो. त्याची परीक्षा १९४४ सालच्या कोन व लिव्हरसेज ह्यांच्या कामापासून चालत आली आहे. थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापविलें असतां गुलाबी रंग येतो आणि तो रंग जितका गडद तितकी ती खूण अधिक. तेल किंवा मांस किती खवट झालें हें पाहण्यासही अन्नरसायनज्ञ हीच परीक्षा वापरीत आले आहेत. परीक्षा स्वस्त, उपकरण साधें, त्यामुळें ती फार लोकप्रिय झाली. भारतांतील वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रबंधासाठीं हा विषय नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. संधिवात, मधुमेह, दमा, कुष्ठ, हिरड्यांचा दाह, असा कोणताही जुनाट विकार घ्यावा, रोग्यांचें व निरोग्यांचें रक्त तपासावें आणि रोग्यांत गुलाबी रंग गडद आला असें नोंदवावें, अशी ही वाट मळलेली आहे.

महाराष्ट्रांतील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या इत्यादि शाखांचीं महाविद्यालयें १९९८ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं आलीं. हें विद्यापीठ नाशकास दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळच्या बाजूस आहे. राज्यांतील नवे डॉक्टर कोणता पुरावा पुरेसा मानावयास शिकतात, हें पुष्कळ अंशीं त्याच्या अभ्यासक्रमावर व परीक्षांवर अवलंबून राहतें. म्हणून ह्या गुलाबी रंगाची मर्यादा काय, हा प्रश्न नाशकास परका नाहीं.

मर्यादा अनेक आहेत. थायोबार्बिट्युरिक आम्ल केवळ मॅलॉनडायाल्डिहाइडशीं नव्हे, तर रक्तांतील इतर पदार्थांशींही रंग देतें. नमुना उन्हाळ्यांत तसाच पडून राहिला किंवा काढतांना तांबड्या पेशी फुटल्या तर खवटपणा नळींतच वाढतो आणि दोष रोग्याच्या माथीं येतो. १९९० सालीं अमेरिकेंत मॉरो व रॉबर्ट्स ह्यांनीं आयसोप्रोस्टेन नामक अधिक विश्वसनीय खूण शोधली. पण तिला महाग यंत्रें लागतात. सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. रोग्यांत खूण अधिक सांपडली म्हणजे रोग त्यामुळें झाला, असें सिद्ध होत नाहीं. घर जळाल्यावर राख सांपडते. राखेनें घर जाळलें असें कोणी म्हणत नाहीं. आजवर संधिवाताच्या रोग्याचा उपचार ठरवितांना डॉक्टर सांधे पाहतात, ई. एस. आर. व सी. आर. पी. पाहतात, प्राणवायूच्या ताणाच्या खुणांस नित्याच्या व्यवहारांत तें स्थान मिळालेलें नाहीं.

पुण्यांतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या संशोधनानें ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू पुढें आणली. २००४ सालीं त्यांनीं व इंग्लंडचे जॉन युडकिन ह्यांनीं लॅन्सेट ह्या पत्रांत आपल्या दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचाही २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के! चरबी ही नुसती सांठवण नसून ती दाह वाढविणारे पदार्थ रक्तांत सोडते, हें १९९३ पासून माहीत झालें होतें. ज्वर नाहीं, सूज नाहीं, तरी आंतून मंद दाह चालूं आहे, अशी स्थिति सडपातळ दिसणाऱ्या माणसांतही असूं शकते, हा त्या छायाचित्राचा इशारा होता. पुण्याच्या खेड्यांतील, झोपडपट्टींतील व शहरी मध्यमवर्गांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची त्यांनीं जी पाहणी केली, तिचा एक वृत्तांत २००६ सालीं आला. त्यांत ६७ टक्के पुरुषांत बी-बारा जीवनसत्त्व कमी आढळलें आणि शहरी मध्यमवर्गांत तर हें प्रमाण ८१ टक्के होतें. त्या उणिवेमुळें रक्तांत होमोसिस्टीन वाढतें. आणि वाढलेलें होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांवरील ताणाची खूण मानलें जात होतें. परंतु त्याच २००६ सालीं परदेशांत हजारों हृदयरोग्यांवर झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल लागले. जीवनसत्त्वें देऊन होमोसिस्टीन उतरविलें गेलें, पण हृदयविकाराचे झटके त्या मानानें कमी झाले नाहींत. बी-बाराची उणीव भरून काढणें रक्तासाठीं व मज्जातंतूंसाठीं योग्यच आहे. पण आंकडा उतरला म्हणजे रोग हटला, हें म्हणणें टिकलें नाहीं.

ह्याहून कठोर धडा फिनलंडांत मिळाला. गाजरांतील व हिरव्या भाज्यांतील बीटा-कॅरोटीन हें प्राणवायूचा मारा शमविणारें, म्हणून त्याच्या गोळ्या दिल्यास धूम्रपान करणारांचा फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. तर्क निर्दोष दिसत होता. २९,१३३ पुरुषांवर तो पडताळून पाहिला गेला आणि १९९४ सालीं निकाल आला कीं, गोळ्या घेणारांत कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक झाला. अमेरिकेंत १८,३१४ लोकांवर चाललेला असाच प्रयोग १९९६ सालीं मुदतीपूर्वींच थांबवावा लागला, कारण तेथेंही गोळी घेणारांचेंच नुकसान दिसून येत होतें. २००७ सालीं अशा ६८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांतील काटेकोर प्रयोगांत बीटा-कॅरोटीन, अ-जीवनसत्त्व व ई-जीवनसत्त्व ह्यांच्या गोळ्यांनीं मृत्यूचें प्रमाण किंचित् वाढलेलेंच दिसलें. १८३५ सालीं पॅरिसमध्यें जें घडलें तेंच पुनः घडलें. खूण खरी होती, तर्क सुंदर होता आणि मोजणीनें तो मोडून काढला.

नाशिक जिल्ह्यास हा विषय आणखी एका वाटेनें भिडतो. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षें देशोदेशीं जातात आणि द्राक्षाच्या सालींत रेसव्हेराट्रॉल नामक पदार्थ असतो. बुरशीचा हल्ला झाला असतां वेल स्वतःच्या बचावासाठीं तो तयार करते. बागाईतदाराची जी लढाई भुरीशीं व केवड्याशीं चाललेली असते, तींत वेलीचाही आपला असा हा वांटा असतो. हा पदार्थ दाह शमवितो, आयुष्य वाढवितो, असा गाजावाजा जगभर झाला आणि त्याच्या गोळ्या बाजारांत आल्या. इटलीच्या कियांती ह्या द्राक्षांच्याच प्रदेशांत ६५ वर्षांवरील ७८३ लोकांच्या लघवींतील ह्या पदार्थाचे अवशेष मोजून त्यांच्यावर नऊ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. २०१४ सालीं निकाल आला. ज्यांच्यांत तो पदार्थ अधिक त्यांच्या रक्तांत दाहाच्या खुणा कमी नव्हत्या, त्यांना हृदयरोग कमी नव्हता आणि आयुष्यही अधिक नव्हतें. द्राक्षें रुचकर आहेत, फळें व भाज्या खाणारे लोक एकंदरीत निरोगी राहतात, हें खरें. परंतु फळांतला एक पदार्थ वेगळा काढून त्याची गोळी केली म्हणजे फळाचें पुण्य त्या गोळींत उतरतें, असें नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांत हल्लीं प्रकृति धडधाकट असतांही रक्त तपासून घेण्याची रीत पडली आहे. पानभर आंकडे येतात. एखाद्या आंकड्यापुढें खूण असते आणि घर काळजींत पडतें. अशा वेळीं विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. हा आंकडा कशाची खूण आहे? तो दुसऱ्या कोणत्या कारणानें वाढतो काय? तो उतरविला असतां माणसें बरीं होतात असें मोजून ठरलें आहे काय? संधिवाताच्या रोग्याच्या बाबतींत सी. आर. पी. उतरणें आणि सांधे मोकळे होणें हीं बहुधा बरोबर चालतात, म्हणून तेथें तो आंकडा डॉक्टरांचा खरा सोबती आहे. जी-सिक्स-पी-डीची परीक्षा एखाद्याचा जीव वांचवूं शकते. उलट, प्राणवायूच्या ताणाचा आंकडा दाखवून तो उतरविण्याची गोळी विकणारास तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. तेथें पैसा जातो, आणि धूम्रपान करणाराच्या बाबतींत कदाचित् पैशाहून अधिक कांहीं जातें. धूम्रपान सोडणें, पोटावरची चरबी कमी करणें, हिरड्या स्वच्छ राखणें आणि सांधे सुजले असतां वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जाणें, ह्या गोष्टींस मात्र मोजणीचा आधार आहे.

भांड्यांतील साय पाहून अधिक रक्त काढणारे वैद्य अडाणी नव्हते. ते आपल्या काळचे विद्वान होते आणि रोग्याचें भलें व्हावें हाच त्यांचा हेतु होता. त्यांनीं पाहिलेली खूणही खोटी नव्हती, कारण तीच आज नळीच्या रूपानें प्रत्येक दवाखान्यांत उभी आहे. उणीव होती ती एकाच गोष्टीची. रक्तानें दिलेली साक्ष ऐकून झाल्यावर, तीवरून दिलेला निवाडा रोग्यास खरोखर हितकर झाला कीं नाहीं, हें मोजून पाहण्याची संवय त्यांस नव्हती. पुढील पिढ्यांस ती लाभली आहे. आंकड्यांची संख्या वाढत चालली आहे तसतशी ती संवय अधिक जपली गेली पाहिजे.